आरशातलं तोंड

पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता आणि मी त्याच्या अगदी मागे होते. वारज्याच्या बसथांब्यावर रोज दिसणाऱ्या मुलीने दंड धरून मला खेचलं. तिच्या दोन्ही वह्या चाकाखाली गेल्या. एकीत प्रकाशकिरणांच्या आकृत्या होत्या, दुसरीत नवकविता, ग्रामीण साहित्य, दलित साहित्य. परीक्षेसाठी पुटपुटताना ती सारखा पाय हलवायची आणि मी रोज टोकायचे. नाव कधी विचारलं नाही.

"दिसत होता मला टँकर," मी म्हणाले.

"अहो आजी, त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत होतं का? नाही ना? मग त्यालाही तुम्ही दिसत नव्हता."

मी चौथीपर्यंत शिकले, तिथे हे कुणी शिकवलं नव्हतं. आता रस्त्यात प्रत्येक गाडीच्या आरशात मी तोंड शोधते.

थांब्यावर बसलो तेव्हा पाय माझे हलत होते. वह्या गेल्या. आम्ही दोघी जिवंत राहिलो.