खाटेच्या दांडीला बांधलेला हात

खरं सांगायचं तर रुग्णाचे हात बांधताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं. सुरतच्या त्या सरकारी इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात चाळीसेक खाटा आणि आम्ही नर्स दोघी. तापात बरळणारा माणूस सलाईनची सुई उपटायचा, खाटेवरून खाली पडायचा. पट्टी मनगटाला गुंडाळून खाटेच्या दांडीला बांधली की आमचा जीव भांड्यात पडे. त्याच्याच भल्यासाठी करतोय, असं आम्ही एकमेकींना सांगायचो, आणि मला ते पटलेलंही होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरतच्याच उधना भागातला, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणारा एक कामगार मलेरियाने फणफणून आला. तिशीचा असेल, खानदेशातला, म्हणजे माझ्याच मुलखातला. ताप डोक्यात गेलेला. दोन्ही हात वर करून हवेत काहीतरी चिमटीत धरायचा, पिळायचा, सोडायचा. त्यात सुई निघायची. मी हात बांधले. बाकीच्यांची औषधं देऊन परत येते, तर गाठ सुटलेली. पुन्हा बांधले, पुन्हा तेच. बोटं उलटी वळवून हा गडी माझी गाठ सोडवत होता, तेही बेशुद्धीत! माझं डोकं फिरलं. "आता सोडवून दाखव म्हणावं," असं आयाला सांगून मी उजव्या मनगटावर दुहेरी गाठ कचकचून आवळली. मग दोन नवे पेशंट आले, आणि मी त्याला साफ विसरले.

चार वाजता भेटायची वेळ झाली. त्याची बायको आली आणि उभ्या उभ्याच थबकली. हात सुजून टम्म, बोटं काळीनिळी. मी धावत जाऊन कात्रीने पट्टी कापली. बोटं गार लागत होती. ती बोटं आपल्या मुठीत धरून त्याची बायको अहिराणीत म्हणाली, "सिस्टर, तो लूमवर तुटेल दोरा सांधस. याच बोटंवर आमनं घर चालस."

तेव्हा कळलं, तो हवेत काय करत होता ते. तुटलेले दोरे शोधत होता बिचारा, आणि मी त्याला हट्टी ठरवलं होतं. ती भांडली असती तर मीही भांडले असते; माझं उत्तर तयार होतं. ती भांडलीच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताप उतरला, तो शुद्धीवर आला, पण अंगठा आणि पहिलं बोट बधिर. डॉक्टर म्हणाले, बोटांत जीव येईलही, नाहीही येणार. मी ड्युटीवर आले की आधी त्याच्या खाटेशी जायची. बोटं चोळायची, कापसाचा बोळा दाबायला लावायची. सोबतच्या नर्सला वाटायचं मी उगाच लाड करतेय. वाटू दे. त्याच्या बायकोने कारखान्यातून दोरा आणला होता. तो तोडून ती त्याला सांधायला द्यायची. दोरा चिमटीतून निसटायचा, आणि तो आमच्याकडे बघून ओशाळं हसायचा. ते हसणं मला बघवायचं नाही.

आठव्या दिवशी दुपारी त्याच्या हातून दोऱ्याची गाठ बसली. बायकोने दोन्हीकडून ओढून पाहिली, पक्की होती. मी सरळ रडले, सगळ्या वॉर्डासमोर.

तासाभराने त्याला पुन्हा थंडी वाजून आली. मी ब्लँकेट घेऊन गेले. दात वाजत होते, तरी तो पूर्ण शुद्धीवर होता. मला पाहताच त्याने आपणहून दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला नेऊन टेकवली.

"बांधी द्या, सिस्टर," तो म्हणाला. "फक्त उजवा जरा ढिला ठेवा."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विनंती करत होता.