सांगवीचे मामू आणि आमच्या सायकली

चालून आलेलं अनुदान नको रे बाबा, असं तरण्याताठ्या पोरांना वाटायला लावणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या मैत्रिणीचा, नसीमचा, सख्खा मामा होता. नसीम त्यांना मामू म्हणायची, म्हणून आम्हीही मामूच म्हणायचो. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन ते सांगवीला राहत होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. पुण्याच्या एका संस्थेनं तेव्हा खेड्यातल्या तरुणांनी स्वतः सुरू केलेल्या कामांना पैसे द्यायची योजना काढली होती. आलेले अर्ज खरे की खोटे हे जागेवर जाऊन बघायला त्यांना आमच्या भागातला एक भरवशाचा माणूस हवा होता. तो त्यांना मिळाला, आणि गावोगावच्या मंडळांच्या तोंडचं पाणी पळालं.

मामू एस्टीनं यायचे, न कळवता. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली. अर्जदाराच्या गावचा चहा त्यांना वर्ज्य होता. एका गावात पोरांनी त्यांच्यासाठी शाल-नारळ आणून ठेवला, तर हे पाठ फिरवून बसले आणि भिंतीकडे तोंड करूनच प्रश्न विचारत राहिले. बारामतीकडच्या एका मंडळानं व्यायामशाळेसाठी अर्ज केला होता. मामूंनी अध्यक्षांना तिथल्या तिथे जोर मारायला लावलं आणि अहवालात एवढंच लिहिलं, ‘अध्यक्ष चार जोर मारतात.’ झाडं लावणाऱ्यांकडे ते पावसाळ्यात फिरकायचेच नाहीत. “आषाढात काय, खांब रवला तरी पालवी फुटंल,” म्हणायचे, आणि भर वैशाखात छत्री उघडून रोपं मोजत उभे राहायचे. मोजणी खात्यातली सवय हाडीमाशी खिळलेली. स्वतःच्या पावलांनी मोजल्याशिवाय कुठल्याही अंतरावर त्यांचा विश्वास बसत नसे.

आमच्या बावड्याच्या मंडळानं अर्ज केला तेव्हा मी इंदापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मंडळ म्हणजे गणपती आणि व्हॉलीबॉल. अध्यक्ष माझा थोरला भाऊ, दादा. वस्त्यांवरच्या बहुतेक पोरी सातवीनंतर घरी बसायच्या, कारण हायस्कूल लांब, आणि रोज उसाच्या कडेकडेनं एकटं चालत जाणं कुणाच्या आईबापाला पटत नव्हतं. त्या पोरींना सायकली द्याव्यात, दहावी झाली की त्यांनी त्या मागच्या पोरींना द्याव्यात, अशी कल्पना मी आणि नसीमनं काढली. अर्ज मी लिहिला. सही अर्थात दादाची, कारण मंडळात मुली नव्हत्याच.

मामू आले ते थेट शाळेच्या व्हरांड्यात बसले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून समोर. आम्ही दोघी दाराशी. मामूंनी चष्मा चढवला आणि अर्जावर बोट ठेवलं.

“हितं लिवलंय, ‘मुलींची गळती थांबवणे’. गळती म्हंजी काय?”

दादानं छताकडे बघितलं. “पावसाळ्यात गळतं की हो. दोन पत्रं फुटल्यात तिकडं.”

नसीमनं ओढणी तोंडात कोंबली. मामू हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. “अर्ज कुणी लिवला?”

दादानं दाराकडे, आमच्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हटलं, “मी.”

“मग कागदावर तुझं नाव कुठं हाय?”

“मंडळात मुली नसतात, मामू.”

त्यांनी अर्जाची घडी केली आणि दादाच्या हातात दिली. “ह्यो मी पुढं धाडत न्हाय.”

दादा भडकला. “सायकली पोरींनाच द्यायच्यात की! सही कुणाची का असंना, तुमचं काय जातंय?”

“माझं काय बी जात न्हाय. पर उद्या सायकल पंक्चर झाली तर ती पोरगी कुणाकडं जाईल? तुमच्याकडं? तुमी पत्रा बदलत बसाल.” पुढच्या महिन्यात परत येतो म्हणून ते उठले, आणि सहाची एस्टी धरून निघून गेले.

घरात पेटलं. वडील म्हणाले, पोरीच्या सहीवर विश्वास कोण ठेवणार? दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मला मामूंचा संताप आला होता. एका सहीपायी पंधरा पोरींचं वर्ष वाया जाणार होतं. नवव्या दिवशी दादानं मंडळाची बैठक बोलावली, माझं आणि नसीमचं नाव पटावर घातलं, मला अध्यक्ष केलं आणि शिक्का माझ्यापुढे सरकवला. “घे,” तो म्हणाला. “सगळ्या गावात पोरं मला ‘पत्रा’ म्हणून हाका मारायला लागल्यात.”

मामू परत आले ते सकाळी साडेनऊला वस्तीवर उगवले. शाळेला निघालेल्या चार पोरींच्या मागून हायस्कूलपर्यंत चालत गेले, ओठातल्या ओठात पावलं मोजत. मधेच एक पोरगी बोलली, तर हातानं गप्प केलं, आकडा चुकेल म्हणून. शाळेच्या फाटकाशी येऊन माझ्यावरच उखडले. “अर्जात चार किलोमीटर लिवलंयस. साडेपाच भरलं. खोटं लिवलंयस.”

“कमी लिहिलंय, मामू.”

“कमी लिवलं तरी खोटंच.”

मग मात्र ते फाटकाजवळच्या दगडावर बसले, बूट काढले आणि बराच वेळ तळवे चोळत राहिले. “रोज येत्यात?” त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हटलं. अहवाल त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला. त्यातलं एक वाक्य नसीमनं वाचलं होतं. ‘अर्जदारांपैकी एक माझी भाची आहे, म्हणून दुप्पट प्रश्न विचारले आहेत.’

अनुदान मंजूर झालं. नसीमच्या वडिलांचं बावड्यात सायकलचं दुकान होतं, आणि खरेदी तिथूनच होणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मामूंचं पत्र आलं, ‘दाजींच्या दुकानातून स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही.’ सायकली बारामतीहून टेंपोनं आल्या. नसीमचे वडील दुकानाच्या फळीवर बसून बघत होते. हँडल सैल, ब्रेक ओढलेले, एकाही सायकलची घंटा वाजेना. थोड्या वेळानं ते पाना घेऊन उठले. “त्या माणसाला सांगू नका,” म्हणत संध्याकाळपर्यंत त्यांनी पंधराच्या पंधरा सायकली नीट करून दिल्या. वाटपाच्या कार्यक्रमाला मामू आले नाहीत. महिन्यानं बाजाराच्या दिवशी मात्र ते हायस्कूलच्या रस्त्यावर छत्री घेऊन उभे दिसले, जाणाऱ्या पोरी मोजत. चौदा भरल्या, तेव्हा पंधरावीच्या घरी गेले. तिला ताप होता.

पुढे काही वर्षांनी ती योजना बंद पडली. मामूंची फिरती बंद पडली नाही. जुनी कामं बघायला ते पदरचं तिकीट काढून जात राहिले. मी बी.एड. करत होते तेव्हा त्यांनी मला सांगवीला बोलावून घेतलं. गुडघे गेले होते. “नरसिंगपुरात तीन पोरांनी वाचनालय काढलंय. मला आता एस्टीची पायरी चढवत न्हाय. तू बघून ये.” मी गेले, सगळं बघून आले आणि त्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, “दोन नद्यांच्या मधी गाव. पावसाळ्यात पुस्तकं भिजत असत्याल का?”

ते मी बघितलंच नव्हतं.

“मग परत जा.”

मी परत गेले. पोरांनी पुस्तकं पत्र्याच्या पेट्यांत घालून देवळाच्या माडीवर ठेवली होती. एक पानही भिजलेलं नव्हतं. हे सांगायला सांगवीला जायचं होतं. पण परीक्षा आली, मग निकाल, मग नोकरीची धावपळ, आणि एक दिवस नसीमचा निरोप आला, मामू गेले.

चाळिसावं झाल्यावर मी मामींना भेटायला गेले. त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. “लय दिस इचारत होते,” त्या म्हणाल्या. “पोरगी परत गेली का न्हाय, म्हणून.”

“गेले होते, मामी,” मी म्हटलं. “पुस्तकं कोरडी हायत.”

त्यांनी मान हलवली आणि आतल्या खोलीकडे बघितलं.