द्वारकाबाईनं उचललेला बेल

द्वारकाबाई भित्री न्हाई, हे आधी सांगते. न्हाईतर तुमी म्हणाल, बाई मुळातच घाबरट असंल. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकदा धामण निघाली. मी ओट्यावर चढून बोंबलत बसले, अन् या बाईनं खराट्यानं तिला पार बांधाच्या पल्याड हाकलून दिली. वर मलाच म्हणली, "निर्मलाबाई, उतरा आता, भात करपून राहिला." अशा बाईच्या हातातून भरला तांब्या पडला अन् तिला त्यो उचलायचंबी सुचलं न्हाई, ते मी माझ्या डोळ्यानं बघितलं.

मी तांड्यावरची. औंढ्याच्या रोडला आमची निवासी शाळा हाय. ज्यांना बोलता येत न्हाई, ज्यांची समज वयाच्या मागं राहिली, अशी लेकरं तिथं राहतेत. मी त्यांचा स्वयंपाक करते. लेकरांचं बाकी सगळं द्वारकाबाई करते. आंघोळी, कपडे, भरवणं, निजवणं. कागदावर तिला काळजीवाहक म्हणतेत. त्या लेकरांतला देविदास तिला 'ब' म्हणतो, तेवढा एकच बोल त्याच्यापाशी हाय. तिनं आधी त्याच्या ताटातला घास स्वतः खाऊन दाखवला तरच त्यो तोंड उघडतो. दुसऱ्या कुणी भरवलं तर ताट उडवतो, मग ती मॅडम असो का डॉक्टर.

तिचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. नाव सांगत न्हाई, माझे पाव्हणे हायेत तिकडं. नवरा वारला, पोरगा विश्वंभर गावात शेती करतो. पण ती शेती तिचे मोठे दीर व्यंकटराव यांच्यातच मिसळलेली. विहीर एक, मोटर एक, चूल तेवढी वेगळी. व्यंकटरावानं मोटर बंद केली तर विश्वंभरची हळद उभी वाळंल, एवढं ध्यानात ठेवा.

मागल्या साली आमच्या संस्थेनं ठरवलं, लेकरांपाशी काम करणाऱ्या हरेकाची पोलिसाकडून चारित्र्य पडताळणी करायची. ठाण्याचा जमादार गावात जाऊन विचारणार, माणूस कसा हाय, काही केस-बिस हाय का. मी तर भ्याले बाई. नळावर माझं एकदा लई मोठं भांडण झालतं, ते निघतं का काय! द्वारकाबाई हसली. म्हणली, "तुमची भांडणं लिवायला बसला तर जमादार तिथंच रिटायर व्हईल." पडताळणी चांगली, असंच तिचं म्हणणं होतं. "निर्मलाबाई, आपल्या लेकरांना सांगता येतं का कुणी मारलं म्हणून? मग आधीच बघून घेतलेलं बरं."

द्वारकाबाईच्या जोडीला मोठ्या पोरांसाठी एक गडी काळजीवाहक होता, त्यो काम सोडून गेलता. त्याची जागा भरायची होती. एका दुपारी साधना मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, हसत हसत स्वयंपाकघरात आल्या.

"द्वारकाबाई, आता तुमच्या घरचाच माणूस येतोय. दिपक. व्यंकटरावांचा मुलगा. तुमचा पुतण्याच ना?"

तांब्या पडला त्यो तेव्हा.

मॅडमला वाटलं हात ओला असंल. त्या म्हणल्या, त्याची पडताळणी एकदम साफ आलीय, जमादार गावात गेले होते, पोलीस पाटलानं, शेजाऱ्यापाजाऱ्यानं, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. आता ओळखीच्या एका माणसानं खात्री द्यायची, तेवढं राहिलंय. "जमादार सोमवारी बाकीच्या पडताळणीसाठी इथं येणारच आहेत. त्यांच्यासमोर तुम्हीच सही करा." असं म्हणून त्या गेल्याबी.

मी तांब्या उचलला. म्हणलं, "काहून गं, पोरगं वाईट हाय का?"

ती डाळ निवडाया बसली अन् चांगली डाळ खड्यात अन् खडे डाळीत टाकाया लागली. मी सूप हिसकून घेतलं. मग दार लोटून घेऊन, इतक्या हळू बोलली की मला तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला.

गावात शिला म्हणून एक बाई हाय. तिला मुन्ना नावाचं एकच पोरगं, त्याला बोलता येत न्हाई. शिला दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, तव्हा मुन्नाला व्यंकटरावाच्या आखाड्यावर सोडायची. आखाडा म्हंजी शेतातलं घर. तिथं दिपक असायचा, त्यानं लेकराकडं बघायचं. द्वारकाबाई इथं कामाला यायच्या आधीची गोष्ट. एक दिवस सांजच्याला ती पाणी सोडायला मोटरीच्या खोलीकडं गेली, तर आतून आवाज येऊन राहिला. तिला वाटलं कुत्रं कोंडलं असंल. कडी काढली तर मुन्ना. उजवा हात लोंबून राहिला. जेवत नव्हता म्हणून दिपकनं पिरगाळला, मोडेपर्यंत पिरगाळला, अन् वर कोंडून ठेवला. सदरा काढला तर पाठीवर जुने वळ.

"मग? पोलिसात?" मी विचारलं.

"दिपक तव्हा पोलीस भरतीची तयारी करून राहिला होता. रोज पहाटं धरणाच्या भिंतीवर पळायचा. केस झाली तर पोराचं आयुष्य गेलं म्हणले सगळे. गावातच मिटवा म्हणले."

अन् मिटवलं. लेकरू झाडावरून पडलं असं ठरलं. उद्या कुणाचं तोंड उघडू नये म्हणून महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलायला लावला. हातात बेलाचं पान, त्याच्यावर हळद, अन् देवासमोर शपथ: जो ही गोष्ट बोलंल त्याच्या लेकराबाळाचं वाटोळं व्हईल. पोलीस पाटलानं उचलला, शेजाऱ्यांनी उचलला. लेकरू हिनंच काढलेलं, म्हणून हिलाबी उचलायला लावला.

माझं डोकंच सणकलं. कसली माणसं! भरतीत त्यो नापासच झाला मुडदा, छाती भरली न्हाई. खाकीसाठी जे नाव गावानं धुऊन ठेवलं, ते आता आमच्या लेकरांच्या खोलीत यायला कामाला आलं. जमादारानं बराबर विचारलं, पण ज्यांना विचारलं त्या सगळ्यांच्या तोंडावर बेलाचं पान होतं.

"सांगून टाक मॅडमला," मी म्हणलं. "आत्ताच्या आत्ता."

तिनं माझा हात धरला. "निर्मलाबाई, माझ्या सुनेला दिवस भरलेत."

मग मला समजलं. अहो, मीबी तांड्यावरची, नायकासमोर घेतलेल्या शपथा कुणी मोडलेल्या मी बघितल्या न्हाईत. उगं शहाणपण कशाला सांगू? मीबी गप बसले.

ती पोटातली भीती मग रोज वाढत गेली. फोन वाजला की ती दचकायची. विश्वंभर काहीबी सांगाया फोन करायचा, डिझेल महागलं, म्हैस आटली, अन् ही आधी सुनेचं विचारायची, "प्रियदर्शनी बरी हाय ना?" देविदासला भरवता भरवता तिचा हात थांबायचा. लेकरू आ वासून बसायचं अन् ही दाराकडं बघत राहायची.

शुक्रवारी दिपक स्वतः शाळा बघाया आला. इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं. मॅडमच्या देखत काकूच्या पाया पडला. मी दारातूनच बघून राहिले होते. त्यो पोरांच्या खोलीत गेला, देविदासच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणला, "हा जेवायला त्रास देतो म्हणे?" द्वारकाबाईनं देविदासला पटकन आपल्याकडं ओढून घेतलं.

जाताना त्यो स्वयंपाकघरात पाणी प्यायला थांबला. हळूच म्हणला, "काकू, विश्वंभरदादाकडं पाळणा हलायचाय आता. सगळं नीट व्हावं. देवाला काही आठवण द्यायची वेळ येऊ नये." पेला विसळून पालथा घालून गेला. धमकी देऊन भांडं विसळणारा माणूस मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला.

सोमवारी सकाळी विश्वंभरचा फोन आला. प्रियदर्शनीला कळा सुरू झाल्या, पण मूल आडलंय, हिंगोलीला घेऊन चाललेत. अन् तेवढ्यात जमादाराची गाडी फाटकात शिरली. आता तुमीच सांगा, देवानं तरी एवढं क्रूर व्हावं का?

मी म्हणलं, "द्वारके, आज सही करून टाक. मागून बघू. मी त्या दिपकवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवते." खरं सांगते, असं मीच म्हणले. मी भ्याले होते.

ती ऑफिसात गेली. मी दाराला चिकटून उभी. मॅडमनं कागद पुढं सरकवला. देविदास तिच्या मागं मागं आलता, तिचा पदर मुठीत धरून. जमादार म्हणला, "तुमच्याच घरातलं पोरगं, काय ते सांगा अन् सही करा."

तिनं देविदासची मूठ पदरासकट हातात धरली.

"न्हाई," ती म्हणली.

"काय न्हाई?"

"पोरगं चांगलं न्हाई. सांगते. पण मला बसू द्या."

अन् तिनं सगळं सांगितलं. मोटरीची खोली, हात, वळ, देऊळ. मधेच टेबलावर तिचा फोन वाजला. विश्वंभरचं नाव दिसून राहिलं होतं. ती फोनाकडं बघून रडायला लागली, पण उचलला न्हाई. रडत रडतच बोलत राहिली. उचलला असता तर पुढचं तोंडातून निघालं नसतं, असं मला मागून म्हणली.

जमादारानं टोपी काढली. "मी स्वतः गावात चौकशी केली बाई. एक माणूस बोललं न्हाई."

"बोलतील कसे साहेब? समद्यांनी बेल उचललाय. मीबी."

सगळं झाल्यावर तिनं फोन लावला. मुलगी झाली होती. रडली न्हाई लवकर, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. द्वारकाबाई तिथंच जमिनीवर बसली अन् कपाळ बडवाया लागली. "माझ्या तोंडानं केलं, माझ्या तोंडानं केलं." मॅडमनं तिला पोटाशी धरलं. मॅडमबी रडून राहिल्या होत्या. दिपकचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी परत पाठवला.

पण जमादारानं जाताना एक गोष्ट साफ सांगितली. "इथं तुमी त्याला घेऊ नका, बास. पण त्यानं दुसऱ्या एका संस्थेतबी अर्ज केलाय, तिथलीबी पडताळणी चालू हाय. त्याच्या नावावर काही चढायचं तर त्या लेकराच्या आईनं तक्रार द्याया पाहिजे. अन् मी विचारलं तर तीबी म्हणंल, झाडावरून पडलं."

गावात बातमी पोचायला काय वेळ लागतो? व्यंकटरावानं मोटरीच्या खोलीला कुलूप घातलं. विश्वंभर फोनवर एवढंच बोलला, "आई, तू आता इकडं येऊ नको." पोरगी पेटीतून निघाली, आईच्या दुधाला लागली, घरी गेली, हे आमाला प्रियदर्शनीनं चोरून कळवलं. बारसं झालं. आजीला बोलावणं न्हाई. त्या दिवशी द्वारकाबाईनं आमच्या लेकरांना शिरा करायला लावला अन् स्वतः एक घासबी खाल्ला न्हाई. देविदासच्या ताटातला तेवढा खाल्ला, खावाच लागतो.

त्यानंतर एका सकाळी फाटकाशी एक वाळकी बाई उभी दिसली. बाजूला मिसरूड फुटलेलं पोरगं, अंगानं उंच, नजर जमिनीवर. आत यायच्या आधी तिनं विचारलं, "दिपक न्हाई ना इथं?"

शिला होती ती, संगं मुन्ना. द्वारकाबाईनं दोघांना स्वयंपाकघरात आणलं, पाणी दिलं. शिलानं पाण्याला हात लावला न्हाई.

"द्वारकाबाई, एकच विचारते. खरं सांगा. बोलल्यावर तुमच्या घरात काय झालं का?"

द्वारकाबाई म्हणली, "नात पेटीत होती. पहिल्यांदा रडली न्हाई."

शिलानं मुन्नाला जवळ ओढलं. "म्हंजी झालंच."

मला राहवंना. "अगं बाई, अर्ध्या जिल्ह्याची लेकरं पेटीत राहून येतेत! त्यांच्या आयांनी काय बेल उचलला होता? धडधाकट हाय पोरगी, घटाघटा दूध पिती!"

"तुमाला ठाव न्हाई," शिला म्हणली. "सगळ्यांनी नुसता बेल उचलला. माझा हात त्यांनी मुन्नाच्या डोक्यावर ठेवला होता. मोडक्या हातानं माझं लेकरू तिथं उभं होतं, अन् माझ्याच तोंडून वदवून घेतलं, पडला म्हणून."

चुलीवर डाळ उतू गेली तरी कुणी उठलं न्हाई.

"माझी शपथ तर मोडली," द्वारकाबाई म्हणली. "मी अजून भ्येते शिला. फोन वाजला की भ्येते. नात बघितली न्हाई अजून. पण त्यो दुसरीकडं जाऊन राहिला. तिथंबी मोटरीची खोली असंल."

शिलानं पोराकडं बघितलं. मग ती उठली.

"जमादाराला फोन लावा," ती म्हणली. "पण मुन्नाला आधी लांब न्या. मी बोलताना त्याचं डोकं माझ्याजवळ नको."

मी फोन लावला. द्वारकाबाई मुन्नाला पार पलीकडच्या ओसरीत घेऊन गेली, देविदासच्या शेजारी बसवलं, वरणभात वाढला. दोघांच्याबी ताटातला एकएक घास तिनं आधी स्वतः खाल्ला. इकडं शिला भिंतीला पाठ लावून, डोळे गच्च मिटून, मोठ्यानं बोलून राहिली होती. तिकडं मुन्नानं डाव्या हातानं भात कालवला अन् जेवाया लागला.