पुन्हा परांचीवर

आमच्या टोळीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का, ते गवंडी दोरीला वजन लावून बघतो. ते वजन म्हणजे ओळंबा. याला ते लावावंच लागत नसे, नुसत्या नजरेनं भिंत उभी करायचा. बोलायला गोड. दारूला कधी शिवला नाही.

दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, म्हणजे उभं राहायच्या बांबूच्या माचीवरून, पडला. डोक्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, केस उगवले. मुकादम म्हणाला, "झाला बरा." बरा कसला! ताटाचा आवाज झाला तरी अंगावर धावून जायचा. बायको जेवणात काहीतरी कालवते म्हणून उपाशी राहायचा. नाहीतर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. एकदा बायकोवर हात टाकला. तिनं तेव्हाच सांगितलं, "मी सगळं काढीन. पण पोरीसमोर परत हात उचललात, तर राहणार नाही."

तीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "हा स्वभाव नाही, मार लागलेल्या मेंदूचा आजार आहे. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. घरात एका वेळी एकानंच बोलायचं, तेही हळू. आणि उंचावरचं काम नको." तिनं शब्दन् शब्द पाळला. रेडिओ काढून ठेवला, पोरीला दार न वाजवता लावायला शिकवलं. हळूहळू तो जेवू लागला, हसूही लागला. एवढे कष्ट मी विटा वाहणाऱ्यांतही पाहिले नाहीत.

मग टोळीला पुळका आला. आमच्याकडे पडलेला गडी परत आला की आधी त्याच परांचीवर चढवतात, म्हणजे भीती बसत नाही. हातपाय मोडलेल्यांना ते चालतं. त्याची बायको मुकादमाला म्हणाली, "भाऊ, त्यांना खालीच ठेवा. वाळू चाळायला द्या."

मुकादम हसला. "वहिनी, ओळंबा कोणी जमिनीवर ठेवतं का?"

सगळे हसले. तोही हसला.

गोळ्यांनी वर गरगरेल म्हणून त्यानं त्या गुपचूप मोरीत टाकायला सुरुवात केली. वर चढला. भिंत अशी उभी केली की टोळीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात त्याला वाटलं, खालून कोणीतरी मुद्दाम परांची हलवतंय. थापी उगारून खाली उतरला. चौघांनी धरून घरी आणला, दारात सोडला आणि कामावर परतले. बायकोनं एवढंच विचारलं, "गोळी घेतली होती?" त्यानं पोरीसमोर तिच्या तोंडात मारली.

ती पोरीला घेऊन बहिणीकडे गेली. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, त्याची म्हातारी आई आठवेल तेव्हा देते. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

परवा चहाला मुकादम भेटला. "काका, नवरा आजारी आणि बाई सोडून गेली. कमाल आहे!"

"मग आज तू राहा त्याच्याजवळ," मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. "उद्या स्लॅब आहे हो."