राग्नाच्या बरणीतला पाव

बोर्गहिल्ड बाई मुलांना मारत नसत. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या वरांगरच्या किनाऱ्यावर त्या काळी याचं कौतुक होतं. त्यांच्या वर्गात हगवणीची साथ कधी शिरली नाही, हेही खरं. मी त्यांची मदतनीस होते, बावीस वर्षांची, आणि मला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं.

एका ऑक्टोबरात त्यांनी पहिलीच्या मुलांना जंतू दाखवायचं ठरवलं. प्रत्येकानं न धुतलेल्या हातांनी पावाचा तुकडा चोळायचा आणि आपल्या नावाच्या बरणीत ठेवायचा. बरण्या मी खिडकीत मांडल्या. राग्नाच्या बरणीला जागा उरली नाही, म्हणून ती शेगडीजवळच्या फळीवर ठेवली.

राग्नाची आई ओड्नी मासळीच्या कारखान्यात कामाला होती. पोरीच्या कपड्यांना कायम कॉड माशाचा वास यायचा.

दहा दिवसांनी बाकीच्यांच्या पावांवर बारीक ठिपके आले होते. राग्नाचा पाव मात्र हिरवाकाळा, लव आलेला. बाईंनी बरणी उंच धरली.

"कोणाचे हात आहेत हे? वाचा बघू."

वर्गानं एका सुरात नाव वाचलं.

"आणि खेळताना हेच हात तुम्ही धरता."

शेजारच्या इंग्वारनं बाक हळूच बाजूला सरकवलं.

सुट्टीत मी म्हटलं, "बाई, तिची बरणी शेगडीपाशी होती. उबेनं बुरशी माजली. मुलांना सांगायला हवं."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पण आज सगळ्यांनी न सांगता हात धुतले, पाहिलंस? एकीला थोडं लागतं, तेव्हा बाकीचे शिकतात."

मी बरण्या धुवायला घेतल्या.

त्या दिवसापासून पोरं तिला 'बुरशी' म्हणू लागली. फेर धरताना तिच्या बाहीचं टोक चिमटीत धरायची. ती सारखी हात धुवायची. सालं निघाली, बोटं भेगाळली. बाई म्हणायच्या, "बघा, राग्नासुद्धा सुधारतेय."

डिसेंबरात घरोघरी नाताळची सुकी मासळी मऊ व्हायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत पडते. ओड्नी कामावर गेली होती. राग्नानं सोड्याचा डबा उघडला आणि ती पूड ओल्या हातांना चोळली. हात धुताना वीसपर्यंत मोजायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. दवाखान्यात ती नर्सला म्हणाली, "मला सोळापर्यंतच मोजता आलं."

जानेवारीत ओड्नी शाळेत आली. कोट न काढताच उभी राहिली.

"उजव्या हाताची दोन बोटं भाजून चिकटलीत. डॉक्टर म्हणतात, सोडवता येतील, पण वळायची नाहीत."

"सोडा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये, ओड्नी," बाई म्हणाल्या.

"हो, बाई. चुकलंच माझं." तिनं हातमोजे काढले. "पोर रोज विचारते, आता तरी हात स्वच्छ झाले का. बाईंना विचारून ये म्हणाली."

"झाले म्हणावं."

बाईंनी निरोपाला हात पुढे केला, ओड्नीनं तो दोन्ही हातांत धरला. ती गेल्यावर बाई उठल्या, मोरीपाशी गेल्या आणि साबण लावून हात धुतले. मी शेजारी टॉवेल घेऊन उभी होते.

वसंतात ते कुटुंब दक्षिणेकडे निघून गेलं. पुढे राग्नाचं काय झालं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. बाई आणखी चौदा वर्षं शिकवत राहिल्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. पालक बराच वेळ टाळ्या वाजवत होते.