बल्बाखालची मिरची

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी एकोणतीस वर्षांचा होतो आन् हिंगणघाटात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीत ऊन येत नव्हतं, बाहेर शेळ्या काही उगवू देत नव्हत्या. म्हणून चहाच्या खोक्यात माती भरली, वर दोन बल्ब टांगले आन् वडनेरच्या आमच्या वावरातल्या मिरचीचं बी लावलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण डोकं माझं स्वतःचं होतं.

दोनदा रोपं करपली. बी चिमूटभरच उरलं. वावर विकल्यावर घरचं म्हणून तेवढंच होतं.

रोज सकाळी एक भाजीवाली माझ्या उंबरठ्याशी टोपलं उतरवायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती आत डोकवायची आन् पदरात हसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस मी विचारलंच, “काऊन हसून राह्यली तू?”

ती सरळ आत आली. तवा तापला का पाहतात तसा करपलेल्या रोपांवर तिनं तळहात धरला आन् झटकन मागे घेतला.

“भाऊ, रोपं लावून राह्यले का भाकर भाजून राह्यले?”

“तू भाजी विक, बाई. इजेच्या दिव्याचं तुले काय समजते?”

“इजेचं नाई समजत जी. तव्याचं समजते.”

टोपलं डोक्यावर घेऊन ती गेली. दिवसभर मी धुसफुसत होतो. संध्याकाळी तिथंच हात धरून पाहिला, तर चटका बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, मी दार लावून स्टुलावर चढलो, दोन्ही बल्ब हातभर वर बांधले आन् उरलेलं बी पेरलं.