बैलांचे हुलगे

आमच्या घरात हुलगे कधी कमी पडले नाहीत, पण ते बैलांचे होते. ओढ्यापलीकडच्या मुरमाड तुकड्यात माझे सासरे दरवर्षी हुलगे पेरतात. बी घरचंच, बारीक, चपटं, तांबूस-काळपट. बाजारातले हुलगे दिसायला बरे असतात, एकसारखे, पण सासरे त्यांना हात लावत नाहीत. "त्यात कस न्हाई," एवढंच म्हणतात. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो.

आबांना बैलगाड्याचा नाद. शर्यतीच्या मैदानाला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि घाटात आपली बैलं कशी पळतात यावर या बाजूला माणसाची पत ठरते. गोठ्यात उभी असलेली ती जोडी आमच्या घरात सगळ्यात लाडाची. हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी भरडायचे, त्यात उडदाचं पीठ, वर अंडी. वेळ चुकली तर आबा जेवायचे नाहीत.

मी डिंगोऱ्याची. माहेरी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, पावट्याची आमटी, चवळीची उसळ असं काहीतरी रोज ताटात असायचं. इथेही कोर्टाच्या बंदीने शर्यती थांबल्या होत्या तेव्हा आम्ही शेंगोळी खायचो. शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि शेंगोळी बंद झाली. पावट्याचा वेल कुंपणावर असे, तोही टोमॅटोची तार ओढताना काढून टाकला. टोमॅटोला भाव येतो, पावट्याला कोण विचारतो? कुणी मुद्दाम ठरवलं नाही. हळूहळू आमच्या ताटात बटाटा, टोमॅटो आणि भात उरला, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

धाकट्या जावेला दिवस गेले तेव्हा हे पहिल्यांदा टोचलं. ती मंचरची, बडबडी, हसरी पोर. दीर चाकणला कंपनीत, घरी फक्त रविवारी. पाचव्या महिन्यात ती भिंतीला धरून चालायला लागली. पोळ्या लाटता लाटता मध्येच खाली बसायची. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, "असंच राहिलं तर बाळंतपणात जड जाईल. बाळालाही आणि हिलाही. पुढच्या वेळेला रक्त वाढलेलं दिसलं नाही तर बाहेरून चढवावं लागेल."

गोळ्या दिल्या. मग विचारलं, "घरात कडधान्य काय आहे?"

मी म्हणाले, "हुलगे हायेत. पण बैलांचे."

बाई हसल्या. मग हसू आवरून माझ्याकडे बघत राहिल्या. मीच ओशाळले आणि पुढचा प्रश्न विचारला, की हुलगा उष्ण असतो म्हणतात, पोटुशीला चालतो का? त्यांनी सांगितलं, वाटीभर खाल्ल्याने काही होत नाही. भिजवा, मोड आणा, नीट शिजवा, वर लिंबू पिळा. हुलग्यात लोह आहे, पण ते अंगी लागायला लिंबाची मदत लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं.

घरी आल्या आल्या शेजारच्या चुलत सासूबाई दारात. "हुलगा? आगं, पोर उष्णतेनं जाईल! आमी नऊ महिने शिवलो न्हाई त्याला." जाऊ पांढरीफटक पडली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "ताई, मला न्हाई खायचा. मी काय बैल हाय का?"

मी तिला रागावले. म्हटलं, "बैल आसतीस तर तुझी एवढी आबाळ झाली नसती."

बोलून गेले आणि मलाच ते लागलं. कारण ते खरंच होतं.

आबांकडून हुलगे काढणं त्याहून अवघड. यात्रा, म्हणजे घाटात पळायचा दिवस, तोंडावर आली होती. कणगीचं तोंड त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे. आणि आमच्याकडे एक रीत आहे. बारीच्या, म्हणजे घाटात पळायच्या पाळीच्या, आधी बैलांच्या खुराकातलं माणसांनी काढायचं नाही. उष्टावलेलं खाऊन बैल घाटात मार खातो म्हणतात. मी हुलगे मागितले तेव्हा आबा गोठ्यात बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "यात्रा झाल्यावर बघू."

"यात्रेपत्तुर तिला थांबून चालायचं न्हाई, आबा."

"मंचरहून इकत आना की."

"बाजारातल्यात कस न्हाई, हे कोन म्हनतं?"

माझं डोकं आधीच तापलेलं होतं, मी सरळ विचारलं, "या बैलाचं रक्त कमी झालंय आसं डॉक्टर म्हनला आसता, तर तुमी काय केलं आसतं?"

आबांनी हात थांबवला. मी तणतणत आत आले आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटलं, आता घरात अबोला होणार आणि शेवटी मीच माघार घेणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ तेलाचा जुना डबा ठेवलेला. काठोकाठ हुलगे. निवडून, खडे काढून, पाखडून. आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मला म्हणाले, "बैलांच्यात थोडी मटकी घालीन. चालतंय त्यांना."

त्या दिवसापासून आबांनी धाकट्या सुनेचा खुराक हातात घेतला, अगदी बैलाचा घेतात तसा. "मोड आलं का?" "आज किती खाल्लं?" "पाणी कमी पितीय ती." ती लाजून आत पळायची. कधी हुलग्याची उसळ, कधी त्याच्या शिजवल्या पाण्याचं कळण, कधी शेंगोळी. ओढ्याकडच्या बांधावर एक पावट्याचा वेल कसाबसा उरला होता, त्याच्या शेंगा त्यांनी स्वतः तोडून आणल्या. चुलत सासूबाई रोज बघायला यायच्या, काही वाईट झालं नाही हे बघून थोड्या नाराजच व्हायच्या.

सगळ्यात अवघड चहाच. पोटुशी बाईला बघायला येणारं माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही, आणि तिनेही सोबत घ्यायचा असतो. जाऊ म्हणायची, "पावणं काय म्हनतील?" मी पाहुण्यांना तोंडावर सांगायला लागले की हिचा चहा बंद आहे, तुमचा आणते. दोघीतिघी रुसल्या. रुसू देत.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघी मंचरला गेलो. हायवेच्या गर्दीत एसटी अडकली, जाऊ माझा हात घट्ट धरून बसली होती. रिपोर्ट आला, रक्त वाढलेलं. भरपूर नाही, पण वाढलेलं. बाहेरून चढवायची गरज नव्हती. ती तिथेच रडायला लागली. मीही. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी आणि खाण्याने, दोन्हींनी. घरी गेल्यावर आबा गोळ्यांचं नाव काढणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

निघताना बाईंनी मला थांबवलं. "तुम्ही जिना चढताना धापा टाकत होता. तुमचं रक्त कधी तपासलंय?"

मी म्हणाले, मला काय धाड भरलीय. पण त्यांनी सुई टोचलीच. मग विचारलं, "तुम्ही काय जेवता?" मी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. काल काय जेवले होते मी? सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते. हुलग्याची उसळ उरत नसे.

माझा आकडा जावेच्या पहिल्या आकड्याहूनही खाली होता.

घरी आल्यावर जावेने स्वयंपाकाला मला हात लावू दिला नाही. जड पोट सांभाळत तिने उसळ केली, आबांना ताट न वाढता आधी माझ्यासमोर वाटी ठेवली, लिंबू पिळलं आणि समोर मांडी घालून बसली. तिने आल्या आल्या त्यांना माझा आकडा सांगितला होता; आबा दारात उभे. "खा," ते म्हणाले.

"मला भूक न्हाई गं," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून दुपारी, रात्री, पंगतीत, सणाला मी हेच म्हणत आले होते. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि कळलं, मला भूक होती. खूप होती. मी वाटी पुसून खाल्ली आणि आणखी मागितली.